संगणकाचा दुसरा कान

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



घरच्या संगणकात एकाहून अधिक साउंड कार्डं असली तर त्यांचा मेळ कसा घालायचा, हा आजचा विषय. एवढे ऐकूनच काही मंडळी रेडिओचा कान पिळून दुसरे स्टेशन शोधू लागतील, याची मला कल्पना आहे. त्यांना एकच विनंती, दोन मिनिटे थांबा. तुमच्या घरी संगणक असेल, तर त्यात आज बहुधा दोन-तीन साउंड कार्डं आहेतच. आणि माळ्यावर जुन्या कॅसेटचा एखादा डबा पडलेला असेल, तर हा विषय तुमच्या घरचाच आहे.

मी यवतमाळला राहते. बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर लोकांच्या जुन्या कॅसेट संगणकात उतरवून देण्याचा छंद लागला. त्यामुळे ओळखीपाळखीत संगणकाच्या आवाजाची काही तक्रार निघाली की फोन मला येतो. तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "बाई, काम्पुटरचा आवाजच गेला. कालपर्यंत तं चांगला होता." मी विचारते, "काल नवीन काय जोडलं?" पलीकडे थोडी शांतता. मग उत्तर येते, "नवा मॉनिटर आणला ना बाई."

इथेच सगळी गोम आहे. हल्लीच्या मॉनिटरची एचडीएमआय नावाची वायर चित्राबरोबर आवाजही वाहून नेते. ती जोडली की संगणकाला वाटते, आवाजासाठी नवे दार उघडले. तो सगळा आवाज मॉनिटरकडे पाठवू लागतो. मॉनिटरला स्पीकरच नसतो. म्हणजे आवाज गेलेला नसतो. तो ज्या दाराने बाहेर पडतो, तिथे स्पीकरच नसतो, एवढेच. ते मॉनिटरचे दार संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र साउंड कार्ड असते. यूएसबीचा हेडफोन लावला, तेही एक साउंड कार्ड. वेबकॅममधला माइक, ब्लूटूथचा स्पीकर, हेही संगणक स्वतंत्रच मोजतो. मूळचे मदरबोर्डवरचे आहेच. घरात पाच दारे झाली आणि कोणत्या दाराने कोणी जायचे हे कुणीच ठरवले नाही, तर जो गोंधळ होईल तोच हा गोंधळ.

साउंड कार्ड म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. आवाज म्हणजे हवेतली लाट. माइक किंवा टेपरेकॉर्डर त्या लाटेची विजेतली लाट करून देतो. संगणकाला लाट कळत नाही, त्याला आकडे कळतात. म्हणून साउंड कार्ड त्या लाटेची उंची एका सेकंदात हजारो वेळा मोजते आणि आकडे लिहून ठेवते. सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते, व्हिडिओच्या कामात सहसा ४८,००० वेळा. ऐकवताना उलटी क्रिया होते. आकड्यांवरून पुन्हा लाट तयार होते आणि स्पीकरकडे जाते. थोडक्यात, साउंड कार्ड हा संगणकाचा कानही आहे आणि गळाही.

सुरुवातीच्या संगणकांना जन्मतः फक्त 'टुक टुक' करता येत असे. १९८७ मध्ये कॅनडातल्या अ‍ॅडलिब कंपनीचे कार्ड आले, १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे 'साउंड ब्लास्टर' आले आणि घरचा संगणक गाऊ-बोलू लागला. त्या काळी एका संगणकात दोन साउंड कार्डं बसवणे म्हणजे दोन सवतींना एका चुलीवर स्वयंपाक करायला लावण्यासारखे होते. प्रत्येक कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एक क्रमांकाची घंटा लागे, तिला इंटरप्ट म्हणत. अशा घंटा मोजक्याच होत्या आणि साउंड कार्डं बहुधा पाच किंवा सात नंबरची मागत. दोघांनी एकच घंटा वाजवली की प्रोसेसरला कळेना, दारात नेमके कोण आले. मग संगणक उघडायचा, कार्डावरच्या जम्पर नावाच्या चिमुकल्या टोप्या चिमट्याने हलवायच्या आणि देवाचे नाव घेऊन पुन्हा बटण दाबायचे. विंडोज ९५ पासून 'प्लग अँड प्ले' आले, पुढे यूएसबी आली आणि ही कसरत संपली. आता कार्डं आपापसांत भांडत नाहीत. फक्त कुणी कोणते काम करायचे, हे घरातल्या मोठ्या माणसाने सांगावे लागते. ते मोठे माणूस म्हणजे आपण.

आपण सांगितले नाही तर संगणक स्वतः ठरवतो. त्याने ठरवलेल्या कार्डाला 'डिफॉल्ट' म्हणतात. विंडोजमध्ये डिफॉल्टच्या दोन गाद्या असतात. एक साधी, गाणी आणि चित्रपटांसाठी. दुसरी 'कम्युनिकेशन'ची, फोनसारख्या संभाषणासाठी. एखादे नवे कार्ड जोडले की पुष्कळदा ते न विचारता यातल्या एका गादीवर जाऊन बसते. म्हणून कालचा आवाज आज गायब होतो.

यावर उपाय अगदी सोपा आहे. खालच्या पट्टीवर उजव्या कोपऱ्यात स्पीकरचे चित्र असते, त्यावर माउसचे उजवे बटण दाबा आणि साउंड सेटिंग्जमध्ये जा. तिथून आवाजाची जुनी खिडकी उघडता येते. विंडोज ११ मध्ये तिचे नाव 'मोअर साउंड सेटिंग्ज' असे आहे, विंडोज १० मध्ये 'साउंड कंट्रोल पॅनेल'. त्या खिडकीत एका पानावर बाहेर जाणारी सगळी दारे दिसतात आणि दुसऱ्या पानावर आत येणारी. एखादे दार मुळीच नको असेल तर, मॉनिटरचे म्हणा, त्याला 'डिसेबल' करा. तेवढ्याने निम्म्या घरांची तक्रार मिटते.

दुसरे काम बारशाचे. 'यूएसबी ऑडिओ डिव्हाइस', 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' अशी ती सरकारी नावे लक्षात राहत नाहीत, आणि दोन सारखी कार्डं असली तर नावेही सारखीच. पण प्रत्येक दाराच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ते नाव खोडून आपले नाव लिहिता येते. माझ्या संगणकावर एकाचे नाव 'कॅसेट' आहे आणि दुसऱ्याचे 'कान'. आता कुणालाही विचारावे लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळायचे. यूएसबीचे कार्ड रोज त्याच खाचेत लावायचे. खाच बदलली तर स्वस्तातली कार्डं विंडोजला नवखी वाटतात. त्यांच्या नावापुढे 'दोन' असा आकडा लागतो आणि आपली आधीची मांडणी त्यांना लागू होत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांनाही हेच सांगणे. तिथे कार्डांना शून्य, एक, दोन असे क्रमांक मिळतात, पण संगणक पुन्हा सुरू झाल्यावर हे क्रमांक बदलू शकतात. शाळेत पटावरचा नंबर दरवर्षी बदलतो, मुलाचे नाव बदलत नाही. म्हणून कार्ड नंबराने ओळखू नये, नावाने ओळखावे.

तिसरे काम, कोणत्या प्रोग्रॅमने कोणते दार वापरायचे ते ठरवणे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ही सोय आली. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये सुरू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमपुढे दार निवडता येते. लिनक्समध्ये 'पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नावाची खिडकी हेच काम करते. आवाज उतरवण्यासाठी मी 'ऑडॅसिटी' वापरते. हा मोफत प्रोग्रॅम २००० साली आला आणि त्यात आत येणारे दार वेगळे व बाहेर जाणारे वेगळे, असे सरळ निवडता येते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? आवाज आला, गाणे लागले, झाले की! तर आता त्या कॅसेटच्या डब्याकडे येऊ.

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये काढली. आपल्याकडे ती घरोघर पोचली १९८०च्या दशकात. टेपरेकॉर्डर स्वस्त झाले आणि प्रथमच असे घडले की सामान्य माणसाच्या हाती आवाज साठवण्याचे यंत्र आले. त्याआधी आवाज साठवायचा तो रेकॉर्ड कंपन्यांनी आणि नभोवाणीने. कॅसेटवर मात्र भजनी मंडळाचा सप्ताह उतरला, बाळाचे बोबडे बोल उतरले, आजीच्या ओव्या उतरल्या. परगावच्या मुलाला कॅसेटवर बोलून पत्र पाठवणारी घरे मला माहीत आहेत.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर या डब्यांचे मोल आणखी वेगळे आहे. इथे मराठी आहे, तिची वऱ्हाडी आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे, गोंडी आहे, पोडांवर कोलामी आहे, आणि तेलंगणाच्या सीमेकडे तेलुगूही कानावर पडते. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचे कोलामीवरचे पुस्तक १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण या भाषेला स्वतःची जुनी लिपी नाही. तांड्यावरची होळीची लेंगी किंवा पोडावरचे लग्नातले गाणे कागदावर फारसे उतरलेलेच नाही. म्हणून कुणी हौसेने केलेली एखादी कॅसेट हाच तिथे ग्रंथ असतो. आणि त्या ग्रंथाला प्रत नसते.

जपून ठेवले तर काय मिळते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉतवँ या दोघांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्यांतल्या काही हजार बायांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. 'पारी' या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करायला घेतल्या. आज त्या बाईचा आवाज, तिचे गाव, तिचे नाव, सगळे एका ठिकाणी ऐकायला-वाचायला मिळते. जाती थांबली, पण आवाज राहिला. हे काम मोठे, संस्थेच्या बळावरचे. तुमच्या-माझ्या माळ्यावरचा डबा मात्र कोणती संस्था येऊन उतरवणार नाही. तो आपल्यालाच उतरवायचा आहे.

आणि त्यात वेळ फार कमी आहे. कॅसेटची फीत प्लॅस्टिकची, तिच्यावर तपकिरी चुंबकीय लेप. टिनाच्या छपराखाली, आपल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या पेटीत तीस-चाळीस वर्षे काढलेली फीत कशी असेल, ते सांगायला नको. चांगले टेपरेकॉर्डरही आता दुर्मीळ झाले आणि ते दुरुस्त करणारे हात त्याहून दुर्मीळ.

या कामात दुसरे साउंड कार्ड कसे उपयोगी पडते, याची एक हकीकत सांगते. केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरचा तरुण माझ्याकडे आला. शिकलेला मुलगा, नोकरीला लागलेला. पिशवीत चार कॅसेट होत्या, त्याच्या आजोबांनी आणि पोडावरच्या मंडळींनी गायलेल्या. बरोबर त्याची म्हातारी आत्या होती. "बाई, गाणी तं उतरतीन," तो म्हणाला, "पण त्यातले शब्द मलेच पुरे समजत नाही. आत्याले समजते. तिले संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं हाये."

चार कॅसेट, प्रत्येकी साठ मिनिटांच्या. कॅसेट उतरवताना घाई करता येत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतातच. आधी चारही उतरवायच्या आणि मग आत्यांना ऐकवून अर्थ विचारायचा, तर आठ तास झाले. शेवटची एसटी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

तेव्हा ती दोन नावे कामाला आली. टेपरेकॉर्डर 'कॅसेट' कार्डाला जोडला. पहिली बाजू अर्ध्या तासात उतरली. दुसरी बाजू त्याच कार्डातून उतरायला लावली आणि त्याच वेळी पहिल्या बाजूची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममधून 'कान' कार्डावर लावून आत्यांच्या कानाला हेडफोन दिला. एकीकडे संगणक लिहून घेत होता, दुसरीकडे तोच संगणक वाचून दाखवत होता. दोन्ही आवाजांची दारे वेगळी, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. आत्या ऐकत, हाताने थांबायची खूण करत, भाच्याला कोलामीत समजावत, आणि तो वहीत लिहून घेई. एका गाण्यात धान्याच्या कणगीसाठीचा एक शब्द होता, तो त्याने जन्मात ऐकला नव्हता. आत्या मला मराठीत म्हणाल्या, "कणगी घरात नाही रायली बाई, मंग शब्द कुठून राहीन?" आठ तासांचे काम साडेचार तासांत झाले. गाणे उतरवायला यंत्र पुरते. अर्थ सांगायला आत्या लागतात, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे एकच दिवस होता.

आता तुम्हालाही हे करायचे असेल तर काही बारकावे सांगते.

पहिला बारकावा भोकांचा. टेबलावरच्या संगणकाच्या पाठीमागे तीन रंगांची भोके असतात. गुलाबी माइकचे, हिरवे स्पीकरचे आणि निळे 'लाइन इन'चे. टेपरेकॉर्डरचा आवाज निळ्या भोकात द्यायचा. माइकचे भोक अगदी क्षीण आवाजासाठी असते, त्यात टेपचा दणकट आवाज घातला तर तो फाटतो. लॅपटॉपला निळे भोक सहसा नसतेच. म्हणून लॅपटॉपवाल्यांना यूएसबीचे दुसरे कार्ड घ्यावेच लागते. दोन-तीनशे रुपयांत मिळणारी बोटभर कार्डं बहुधा फक्त माइकची असतात आणि तीही एका कानाची. दुकानदाराला स्पष्ट विचारा, "स्टिरिओ लाइन इन आहे का?" थोडे पैसे जास्त जातील, पण काम एकदाच करायचे आहे.

दुसरा बारकावा संगणकाच्या अतिशहाणपणाचा. विंडोज आणि कार्डाचे सॉफ्टवेअर आत येणाऱ्या आवाजावर परस्पर काही संस्कार करतात. पार्श्वभूमीचा गोंगाट कापायचा, मोठा आवाज बारीक आणि बारीक आवाज मोठा करायचा. फोनवर बोलायला हे ठीक आहे. पण भजनातली झांज आणि खंजिरी त्याला गोंगाट वाटते, आणि तो ती पुसून टाकतो. 'कॅसेट' दाराच्या प्रॉपर्टीजमध्ये हे सगळे 'एनहान्समेंट' बंद करा. जुन्या खिडकीतल्या 'कम्युनिकेशन्स' पानावर एक पर्याय असतो, फोन आला की इतर आवाज ८० टक्के कमी करण्याचा. तिथे 'काहीही करू नये' हा पर्याय निवडा. विंडोजच्या टिंगटाँग घंटाही बंदच ठेवा. आणि सगळे जोडूनही आवाज शून्य येत असेल, तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये माइकची परवानगी तपासा. विंडोजच्या लेखी आत येणारे प्रत्येक दार हे माइकच असते. परवानगी नसली तर ते टेपलाही मुकेच ठेवते.

तिसरा बारकावा आवाजाच्या पातळीचा. ऑडॅसिटीत हिरवी-लाल पट्टी नाचते. गाण्यातला सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. लहान उतरलेला आवाज नंतर मोठा करता येतो, पण फाटलेला आवाज शिवता येत नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस अशी आहे की जतनासाठी सेकंदाला किमान ४८,००० मोजमापे आणि २४ बिटांची नोंद असावी. या हिशेबाने साठ मिनिटांच्या कॅसेटला सुमारे एक जीबी जागा लागते. चार कॅसेट चार जीबी. हल्लीच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही. फाइल 'वेव्ह' प्रकारातच ठेवा. 'एमपी थ्री' ही मोबाइलवर पाठवायची प्रत, जतनाची नव्हे.

चौथा बारकावा घुमण्याचा. टेप आणि संगणक जोडले की कधी कधी मागे एकसारखा 'हंऽऽ' ऐकू येतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिचा हा सूर. टेप एका खोलीतल्या बोर्डावर आणि संगणक दुसऱ्या बोर्डावर असला, की दोन्हीकडच्या अर्थिंगमधून एक वेटोळे तयार होते आणि त्यातून हा सूर शिरतो. दोन्ही एकाच बोर्डावर लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर उतरवा. पुष्कळदा 'हंऽऽ' तिथेच थांबतो, आणि मध्येच वीज गेली तरी लॅपटॉप निदान बंद पडत नाही. काही बहाद्दर पिनेची अर्थिंगची कांडीच तोडतात. ते मात्र मुळीच करू नका. आवाज स्वच्छ होईल, पण जिवाशी खेळ होईल. त्यासाठी 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी बाजारात मिळते.

पाचवा बारकावा दोन घड्याळांचा, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. काही हौशी मंडळी भजनाचे थेट ध्वनिमुद्रण करताना गायकाचा माइक एका यूएसबी कार्डाला लावतात आणि खंजिरीचा दुसऱ्याला. सुरुवात छान होते. तासाभराने ऐकावे तर खंजिरी गायकाच्या मागे रेंगाळते. असे का? तर प्रत्येक कार्डात स्वतःचे स्फटिकाचे घड्याळ असते. दोघेही म्हणतात, 'मी सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो.' पण दोन्ही घड्याळे अगदी सारखी कधीच नसतात. त्यांच्यात दहा लाखांत पन्नासाचा फरक असला, तरी तासाभरात जवळजवळ ०.१८ सेकंद पडतो. मनगटावरच्या घड्याळात हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. तालात मात्र तो स्पष्ट ऐकू येतो. यावर खरा उपाय म्हणजे दोन माइक घेणारे एकच कार्ड, कारण मग घड्याळ एकच. ते नसेल तर सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही माइकांसमोर मोठी टाळी वाजवावी. मग ऑडॅसिटीत दोन्ही टाळ्या जुळेपर्यंत एक पट्टी किंचित ताणावी. कॅसेट उतरवताना ही भीती नाही. एक कार्ड फक्त ऐकते आणि दुसरे फक्त ऐकवते.

ज्यांच्याकडे कॅसेट नाहीत त्यांनाही दुसरे कार्ड उपयोगी पडते. शाळेचे स्नेहसंमेलन घ्या, गणपतीचा मांडव घ्या. गाणी संगणकावरून लाउडस्पीकरला जातात. पुढचे गाणे कोणते, ते बरोबर आहे की नाही, हे आधी ऐकायचे कसे? आकाशवाणीच्या स्टुडिओत निवेदकाला ही सोय असते. हवेत एक आवाज जात असतो आणि पुढचा त्याच्या कानात तपासला जातो. घरच्या संगणकावर दोन कार्डांनी हेच होते. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला लाउडस्पीकरचे दार द्या, तपासणाऱ्याला हेडफोनचे. बाकी सगळ्या संगणकाचे डिफॉल्टही हेडफोनच ठेवा. एका मांडवात ऐन आरतीत कुणाचा तरी निरोप आल्याची घंटा लाउडस्पीकरवरून सगळ्या गल्लीने ऐकली. एक जादा कार्ड असते आणि दारे नीट वाटलेली असती, तर ती घंटा फक्त एका कानाने ऐकली असती.

आता शेवटचे सांगते. आवाज उतरवून झाला की काम संपले, असे समजू नका. फाइलला 'ट्रॅक एक' असे नाव देऊ नका. कोण गात आहे, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी, हे नावातच लिहा. आवाजाच्या सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने ही माहिती बोलून ठेवली तर अधिक बरे. फाइल कुठेही गेली तरी ओळख तिच्याबरोबर राहते. प्रती तीन करा. एक घरी, एक नातेवाइकाकडे, एक परगावी. ज्यांचा आवाज आहे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय गाणे जगभर पाठवू नका. ते त्यांचे आहे. आणि मूळ कॅसेट फेकू नका. ती पूर्ण गुंडाळून, उभी करून, सावलीत ठेवा.

सुट्टीच्या दिवशी दोन तास काढा. आधी स्पीकरच्या चित्रावर जाऊन आपल्या संगणकाला किती दारे आहेत ते मोजा आणि त्यांना नावे द्या. मग माळ्यावरचा डबा खाली काढा. त्यातली सर्वांत जुनी कॅसेट कोणती, हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा आणि ती उतरत असताना त्यांना शेजारी खुर्ची द्या. एक हेडफोन त्यांच्यासाठी मोकळा ठेवा.